संडासाची किल्ली

इंग्लंडमधल्या लीड्स शहरातल्या ॲबी हाउस म्युझियममध्ये इमारतीच्या पोटातच व्हिक्टोरियन काळातले तीन रस्ते उभे केलेत. दुकानं, घरं, सगळं. तिथे येणाऱ्या वयस्कर मंडळींच्या आठवणी रेकॉर्ड करायचं काम माझ्याकडे होतं.

त्या दिवशीचे सगळे ऐंशीच्या पुढचे. राणी व्हिक्टोरिया १९०१ साली गेली, म्हणजे हा काळ यांचा नव्हेच. पण धुण्याचा विषय निघाला आणि एकेकाला कंठ फुटला. लीड्सची जुनी कामगारघरं पाठीला पाठ लावून बांधलेली. मागची भिंत शेजाऱ्याची, त्यामुळे परसदारच नाही. १९०९ साली कायद्याने बंदी आली, तरी आधी मंजूर झालेल्या नकाशांवर इथे ती १९३७ पर्यंत बांधली जात होती. सोमवारी धुणं रस्त्यावरच, या दारापासून समोरच्या दारापर्यंत दोऱ्या. कोळशाची गाडी नेमकी तेव्हाच यायची, मग बायका बांबूने दोऱ्या उचलून धरायच्या आणि गाडीवाल्याचा उद्धार करायच्या. फलकावर राणीबरोबर संपलेला काळ यांच्या गल्लीत १९५०च्या दशकापर्यंत नांदत होता.

एक आजोबा मात्र नाराज. "फार स्वच्छ आहे हो हे. काजळी कुठाय?"

मग संडास. काही घरांत मिळून एक, रस्त्याकडेच्या आवारात. किल्ली घरात खिळ्याला टांगलेली, हरवू नये म्हणून तिला दोऱ्याचं लाकडी रीळ बांधलेलं. आत तारेत ओवलेले वर्तमानपत्राचे चौकोन. "अर्धी बातमी वाचून व्हायची आणि पुढचा तुकडा आधीच कुणीतरी वापरलेला!"

मी म्हटलं, आमच्या गिरगावच्या चाळीतही संडास सामाइकच होते. त्यावर एका आजींनी सरळ विचारलं, "मग धुवायचं कोण, लव्ह? आमच्यात प्रत्येक घराची आठवड्याची पाळी असायची. आईची पाळी आली की आम्ही पोरी बादल्या भरायचो."

आमच्याकडे पाळी नव्हती. भंगीकाम करणारा माणूस यायचा, ठरावीक जातीचाच. त्याला प्यायला पाणी वरून ओतत. चाळीच्या आठवणींत आम्ही गणपती, पापड, क्रिकेट सगळं सांगतो, हा माणूस कधी येत नाही. आजींना ते सांगायला मला बराच वेळ लागला. जात म्हणजे काय इथपासून सुरुवात. त्यांनी शेवटी विचारलं, "त्याचं नाव काय होतं?"

मला माहीत नव्हतं. चाळीत कुणालाच नसावं.