बाईंनी शिकवलेल्या बीना दास

आम्हांला इतिहास शिकवणाऱ्या बाई क्रांतिकारकांचा धडा कधीच पुस्तकापुरता ठेवत नसत. बीना दास यांच्यासाठी त्यांनी अख्खा तास दिला आणि सुरुवात केली ती बीनांच्या वडिलांपासून. बेनीमाधव दास हे कटकच्या शाळेतले मुख्याध्यापक, शाळकरी सुभाषचंद्रांचे लाडके गुरू. आई सरलादेवी कलकत्त्यात निराधार स्त्रियांसाठी ‘पुण्याश्रम’ चालवीत. बीनांच्या पुढच्या साऱ्या आयुष्याचे मूळ या घरात आहे, असे बाई म्हणत, आणि ते मला आजही पटते.

६ फेब्रुवारी १९३२ रोजी कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात, भाषणाला उभे राहिलेले बंगालचे गव्हर्नर स्टॅन्ले जॅक्सन यांच्यावर वीस वर्षांच्या बीनांनी पाच गोळ्या झाडल्या. जॅक्सन हे एकेकाळी इंग्लंडच्या क्रिकेट संघाचे कर्णधार होते, हे ऐकताच मागच्या बाकांवरची मुलेही सावरून बसली. नेम चुकला, कुलगुरू हसन सुऱ्हावर्दी यांनी त्यांना पकडले. आपले वैर जॅक्सन या माणसाशी नसून ते ज्या जुलमी राजवटीचे प्रतिनिधी आहेत तिच्याशी आहे, असे न्यायालयात निःसंकोच सांगून त्यांनी नऊ वर्षांची सक्तमजुरी पत्करली.

बहुतेक ठिकाणी हकिकत इथेच संपते. बाईंनी मात्र चाचणीत प्रश्न घातला तो, सुटकेनंतर बीनांनी काय केले, हा! १९३९ मध्ये सुटलेल्या बीना काँग्रेसच्या कामात शिरल्या, ‘छोडो भारत’ आंदोलनात पुन्हा तुरुंगात गेल्या, १९४६ नंतर बंगालच्या विधिमंडळात बसल्या. पण मला सर्वांत मोठे वाटते ते त्यांचे पूर्व बंगालमधल्या नोआखालीतले काम. दंगलीने होरपळलेल्या त्या गावांत, घरदार आणि माणसे गमावलेल्या कुटुंबांना पुन्हा उभे करण्यासाठी त्या मदतकार्यात उतरल्या. सूडाला सूड हीच भाषा जिकडेतिकडे चालू असताना, एकेकाळी शस्त्र हाती घेतलेल्या स्त्रीने हे काम अंगावर घ्यावे, याला मी त्या पाच गोळ्यांइतकेच धैर्याचे मानतो. समाजकार्यासाठी १९६० साली त्यांना पद्मश्री मिळाली. इंग्रज राजवटीत रोखून धरलेली त्यांची पदवी विद्यापीठाने दिली ती मात्र २०१२ मध्ये, चितगावच्या क्रांतिकारक प्रीतिलता वद्देदार यांच्या पदवीसोबत. बीना १९८६ मध्येच निवर्तल्या होत्या.

महोत्सवी वर्षात शाळेच्या ग्रंथालयात बीना दास यांचे चरित्र यावे आणि ते निवडताना १९३९ नंतरचा भाग त्यात सविस्तर आहे ना, एवढे शिक्षकांनी आवर्जून पाहावे, ही माझी विनंती आहे.