तुम्ही विचारलंत म्हणून: लग्नात रंगीत लेन्स लावू का?

तुळशीचं लग्न लागलं की सांगलीतल्या आमच्या चष्म्याच्या दुकानात हा प्रश्न सुरू होतो: "मॅडम, लग्नात रंगीत लेन्स लावल्या तर चालतंय का?" चालतंय की. फक्त विचारणारीनं पाठोपाठ "परवा हळद आहे" म्हटलं, की मी नाही म्हणते.

तपासणीच्या खोलीत मीच बसते, त्यामुळं पुढचा प्रश्नही माझ्याच वाट्याला येतो. "नंबर नाही, नुसता रंग पाहिजे. मग तपासायचं कशाला?" अहो, नंबर असो वा नसो, लेन्स बसते ती कॉर्नियावरच, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर. कॉर्नियाला रक्तवाहिन्या नाहीत, त्याला ऑक्सिजन मिळतो तो बाहेरच्या हवेतून, अश्रूंवाटे. आपण त्याच्यावर झाकण घालतो. बरं, प्रत्येकाच्या कॉर्नियाचा बाक वेगळा. लेन्सच्या खोक्यावर बी.सी. ८.६ असं काहीतरी छापलेलं असतं, तो बाकाचा आकडा. घट्ट बसली तर खालून अश्रू खेळत नाहीत आणि डोळा लाल होतो. सैल बसली तर पापणीबरोबर घसरते. डोळा मिटून उघडल्यावर लेन्स जराशी, मिलिमीटरहूनही कमी, हलली पाहिजे, आणि ते स्लिट लॅम्पखालीच, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राखालीच, दिसतं. मोबाइलवर फोटो बघून मागवलेल्या लेन्सचं हे कोण बघणार? अमेरिकेत तर २००५ पासून बिननंबरच्या रंगीत लेन्साही कायद्यानं वैद्यकीय उपकरणात धरतात, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत.

रंगाचं म्हणाल तर आपल्या गडद तपकिरी डोळ्यांवर फिक्या छटेची लेन्स लावली काय, न लावली काय, सारखंच. अपारदर्शक छपाईची घ्यावी लागते. तिच्या मधोमध बाहुलीसाठी मोकळी जागा असते. अंधारात बाहुली मोठी होते, पण ती मोकळी जागा तेवढीच राहते. मग छापलेला रंग नजरेआड यायला लागतो आणि दिव्यांभोवती वलयं दिसतात. म्हणून रात्री स्कूटी चालवायची असेल तर लेन्स काढूनच. आणि माझं मत विचाराल तर मधाळ तपकिरी घ्या. राखाडी डोळ्यांच्या नवरीला तिची आजीसुद्धा दोनदा निरखून बघते.

लग्नाच्या निदान महिनाभर आधी या, कारण खरा वेळ शिकण्यात जातो. तासगावकडची एक मुलगी आली होती. बोट जवळ आलं की डोळा गच्च मिटायची, आणि दारातून आईचा पुकारा, "अगं, उघड की डोळा!" शेवटी आईला बाहेर बाकावर बसवलं. साबणानं हात धुऊन कोरडे करायचे, लेन्स बोटाच्या टोकावर ठेवून बाजूनं बघायची. कड वाटीसारखी सरळ वर गेली असेल तर बरोबर, बशीसारखी फाकली तर उलटी. खालची पापणी ओढून, वर बघत लावायची. लावली एकदाची पोरीनं, आणि आरशापाशी पहिला प्रश्न, "रंग फोटोत येईल ना?"

हळदीला लेन्स नकोच. मऊ लेन्स पाण्याबरोबर रंगही पिते, आणि आपल्या सांगलीच्या हळदीचा पिवळेपणा मग काही केल्या जात नाही. लग्नात आधी लेन्स, मग मेकअप. उतरवताना आधी लेन्स, मग मेकअप. काजळ पापणीच्या आतल्या कडेला नको. होमाच्या धुरानं डोळे झोंबले तर काढायला डबी आणि सोल्यूशन करवलीच्या पर्समध्ये असू द्या. मला विचाराल तर विधी होऊ देत, लेन्स रिसेप्शनलाच लावा. पण रात्री कितीही दमलात तरी काढूनच झोपा. झोपेत लेन्स राहिली तर कॉर्नियाला संसर्ग होण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो.

पार्लरवाल्या ताईंकडच्या लेन्सा अजिबात नकोत. त्या आधी कुणाच्या डोळ्यांत होत्या, काय माहीत! आपलं सीलबंद खोकं आपण घ्यायचं. एका दिवसापुरत्या हव्या असतील तर रोज टाकून द्यायच्या मिळतात, त्या बऱ्या. मासिक लेन्सचा महिना तिचं सील उघडल्यापासून मोजायचा, दोनदाच घातली असली तरी. सोल्यूशन दर वेळी ताजं. नळाचं पाणी लेन्सला नाही म्हणजे नाही, आणि लग्नानंतर औदुंबरला जाऊन कृष्णेत डुबकी मारणार असाल तर लेन्स घरी ठेवून जा. नदी, विहीर, नळ, सगळीकडच्या पाण्यात अकँथअमीबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो. लेन्सच्या आडून तो कॉर्नियात शिरला तर औषधं महिनोन्महिने चालतात.

डोळा दुखला, लाल झाला, उजेड सोसेना किंवा धूसर दिसायला लागलं तर लेन्स लगेच काढा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जा. मेडिकलमधून विचारून आणलेले थेंब घालू नका. त्यात स्टेरॉइड असलं तर लाली जाते आणि आतला संसर्ग, विशेषतः बुरशीचा, बळावतो. काढलेली लेन्स फेकू नका, डबीसकट बरोबर न्या. जंतू कुठला ते शोधायला लॅबला तिचा उपयोग होतो.