आमची वाटचाल : आधी साल, मग गाडी

वापरलेल्या छोट्या गाड्यांच्या धंद्यात आम्ही दोघे भाऊ उतरलो तेव्हा रीत सरळ होती. गाडी घासूनपुसून चकचकीत करायची, टायर बदलायचे आणि कमी फिरलेली असेल तर तो आकडा काचेवर ठळक लिहायचा. गिऱ्हाईकही तेवढंच विचारायचं: कंपनी कुठली, किती फिरली, किती हात बदलले. साल निघायचं ते भाव पाडायला. जितकं अलीकडचं तितकं चांगलं, यावर दोन्ही बाजूंचं एकमत.

दादा दुरुस्ती बघतो, मी देवघेव. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांपैकी जुनी मुकाट चालते आणि तिच्याहून नवी सारखी गॅरेजात येते, हे त्याच्या लक्षात यायला लागलं. त्याने वही घातली: मॉडेल, साल, गिअरबॉक्स, काय बिघडलं. पुढे त्या वहीनेच आमचा धंदा वळवला. आज आम्ही स्वतः गाड्या विकतो त्यापेक्षा लोकांना घ्यायच्या गाड्या तपासून देण्याचं काम जास्त करतो. बाजारातल्या काही जुन्या ओळखीच्यांना ही वही खुपते, पण त्याला इलाज नाही.

वहीतून सगळ्यात आधी वर आलं ते मॉडेलच्या नव्या पिढीचं पहिलं वर्ष. बॉडी नवी, इंजिन नवं, इलेक्ट्रॉनिक्स नवं. त्यातल्या कच्च्या जागा पहिल्या गिऱ्हाइकांच्या जिवावर सापडतात. होंडा सिव्हिकची दहावी पिढी २०१६ला आली. गाडी उत्तमच, पण एसीचा कंडेन्सर गळण्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की अमेरिकेत कंपनीला त्याची वॉरंटी १० वर्षांपर्यंत वाढवावी लागली. शक्य असेल तर पहिलं वर्ष सोडून दुसरं-तिसरं बघा, असं आम्ही सांगतो. मात्र काही दोष पहिल्या वर्षात संपत नाहीत.

फोर्ड फोकस २०१२ ते २०१६ आणि फिएस्टा २०११ ते २०१६, यांचा पॉवरशिफ्ट ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जगभर गाजला. आत दोन कोरडे क्लच. रहदारीत हळू चालवताना गाडी थरथरते, सिग्नल सुटल्यावर क्षणभर उचलतच नाही. अमेरिकेत मालकांच्या सामूहिक दाव्यात कंपनीला तडजोड करावी लागली. या तक्रारी नीट न हाताळल्याबद्दल ऑस्ट्रेलियात २०१८ साली न्यायालयाने एक कोटी डॉलरचा दंड केला. म्हणून ही वर्षं टाळा, असं सरसकट म्हटलं जातं. पण याच वर्षांच्या मॅन्युअल गाडीत तो गिअरबॉक्स मुळात नाहीच! तिचीही बदनामी फुकटची झाली, आणि अशी मॅन्युअल मिळाली तर आम्ही आनंदाने घेतो. आमच्या वहीत म्हणूनच नुसतं साल कधी लिहिलं जात नाही, शेजारी गिअरबॉक्स असतोच. निसान सेंट्रा २०१३ ते २०१७ समोर सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक) असं लिहिलंय आणि खाली इशाऱ्याच्या दोन रेघा आहेत.

आता सिव्हिकचंच दुसरं पान. २००६ ते २००८ आणि २००९च्या सुरुवातीच्या काही गाड्यांत १.८ लिटर इंजिनचा ब्लॉक तडकून कूलंट झिरपायचं. अशी गाडी आली की दादा ती रात्रभर थंड होऊ देतो. सकाळी सुरू न करता कूलंटची पातळी बघतो, मग टॉर्च आणि लांब दांडीचा आरसा घेऊन ब्लॉकवर वाळलेल्या कूलंटचे ओघळ शोधतो. मालकाने आदल्या दिवशी इंजिन धुऊन आणलं असेल तर दादा तपासणीच करत नाही. चार दिवस चालवा आणि परत या, म्हणतो. उलट ब्लॉक बदलल्याचा कागद असेल तर त्या 'वाईट' सालातली गाडी बिनकागदाच्या चांगल्या सालापेक्षा आम्हाला जवळची.

साल ठरवायचं कशावरून, हाही घोळ आहेच. विकणारा सांगतो ते बहुधा नोंदणीचं. अमेरिकी पद्धतीच्या १७ अंकी-अक्षरी चेसिस नंबरात दहावं चिन्ह मॉडेल वर्षाचं असतं: २०१० म्हणजे ए, २०१४ म्हणजे ई. २०१८ला मात्र जे, कारण आय हे अक्षर त्यात वापरतच नाहीत. सगळीकडचे सगळे कारखाने हे पाळत नाहीत, तेव्हा दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर निर्मितीचा महिना असेल तर तोही बघावा. जानेवारीत नोंदलेली गाडी कित्येकदा आदल्या मॉडेल वर्षाची निघते.

आणि तरीही फसगत होते. शेव्हरोले कोबाल्टचा इग्निशन स्विच ढिला होता. चालत्या गाडीत किल्ली सरकली की इंजिन बंद, एअरबॅगही बंद. पुढे सुधारलेला स्विच आला, पण पार्टचा नंबर जुनाच ठेवला. त्यामुळे नव्या सालच्या गाडीतही दुरुस्तीच्या वेळी जुना स्विच बसला असण्याची शक्यता राहिली. २०१४चं रिकॉल (दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावणं) म्हणूनच नंतरच्या वर्षांपर्यंत वाढवावं लागलं. तेव्हापासून चेसिस नंबर टाकून प्रलंबित रिकॉल बघितल्याशिवाय आम्ही बॉनेटही उघडत नाही. टकाटा या जपानी कंपनीच्या, फुटताना धातूचे तुकडे उडवू शकणाऱ्या सदोष एअरबॅग अजून न बदललेल्या गाड्या याच पायरीवर सापडतात. गाडीची कंपनी त्या फुकट बदलून देते, लोकच जात नाहीत.

सध्या वहीची पानं भरतायत ती तेलात फिरणाऱ्या टायमिंग बेल्टने, म्हणजे इंजिनाच्या झडपांची वेळ सांभाळणाऱ्या पट्ट्याने. प्यूजो-सिट्रोएनच्या १.२ प्युअरटेक इंजिनात हा बेल्ट तेलाने फुगतो, त्याचे कण सुटतात आणि ऑइल पंपाची जाळी तुंबते. तेल ओतायचं झाकण काढलं की आत बेल्ट दिसतो. त्याची रुंदी मोजायला पट्टीसारखं एक हत्यार येतं. ते बेल्टवर बसलं नाही तर बेल्ट फुगला. इथे सालापेक्षा तेल कधी आणि कुठल्या ग्रेडचं बदललं ते महत्त्वाचं, म्हणून वहीत तेलाच्या बिलांसाठी दादाने वेगळा रकाना आखलाय. ज्याच्याकडे बिलं नाहीत त्याला आम्ही बेल्ट बदलायचा खर्च धरूनच भाव सांगतो, आणि बरेच मालक तिथूनच गाडी वळवतात.