मेणाच्या एका ठोकळ्यासाठी नऊ दिवस

अप्पांना स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे हे नेमकं कसं कळलं, असं विचारणारे फोन अजून येतात. मी सोनोग्राफीपासून सांगायला घेते आणि दोन वाक्यांत माझी गाडी त्या लॅबच्या खिडकीशी जाऊन अडकते. म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

अप्पा एसटीतून निवृत्त, वय 64. दिवाळीनंतर जेवण झालं की पोटात वरच्या बाजूला दुखायचं, कळ पाठीत जायची, पुढे वाकून बसलं की बरं वाटायचं. घरात सर्वानुमते गॅस ठरला. डॉक्टरांनीही ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. जानेवारीत साखर निघाली. आमच्या घराण्यात कुणाला साखर नाही, पण 'या वयात होतेच' म्हणून भात बंद केला. वजन 71 वरून 63 वर आलं तेव्हा, 'बघा, पथ्य पाळलं की कसं होतं,' असं कौतुक मीच केलं.

इन्शुलिन स्वादुपिंडातच तयार होतं. पन्नाशीनंतर अचानक साखर निघाली आणि सोबत वजनही उतरत असेल, तर एकदा त्या बाजूला बघायला हवं, हे मला फार नंतर कळलं. साखर निघालेल्या बहुतेकांना हा कॅन्सर नसतो, उगाच धसका घेऊ नका. पण डॉक्टरांना विचारा तरी.

फेब्रुवारीतल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टात एक ओळ होती, आतड्यातल्या गॅसमुळे स्वादुपिंड नीट दिसलं नाही अशी. आम्ही फक्त तळाचा निष्कर्ष वाचला आणि फाइल कपाटात टाकली. स्वादुपिंड जठराच्या मागे, पार पाठीच्या कण्याजवळ असतं, त्यामुळे साध्या सोनोग्राफीत ते नेहमी दिसतंच असं नाही.

मार्चमध्ये डोळे पिवळे झाले. लघवी काळ्या चहासारखी, शौचाचा रंग मातकट पांढरा, अंगाला सतत खाज. मावशीने काविळीची माळ आणली. बारा दिवस माळ, ऊस आणि बिनहळदीचं जेवण. तेराव्या दिवशी दादाने अप्पांना उचलून सीटीला नेलं. स्वादुपिंडाच्या डोक्याच्या भागात गाठ, पित्ताची नळी दाबलेली. मग एंडोस्कोपीतून पित्ताच्या नळीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी बारीक नळी, सुईने गाठीचा तुकडा, रिपोर्ट, कॅशलेसची मंजुरी, सगळं दहा दिवसांत पार पडलं. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

टाटाला, परळला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. गाठ शेजारच्या मोठ्या शिरेला टेकली आहे, म्हणून आधी केमो, गाठ आक्रसली तर मग व्हिपलचं ऑपरेशन, म्हणजे स्वादुपिंडाचं डोकं आणि त्याला लागून असलेला भाग काढायचा. थेट ऑपरेशनच करायचं असतं तर कधी कधी तुकड्यावाचूनही करतात, पण केमोआधी निदान पक्कं लागतं आणि बाहेरचा तुकडा ते स्वतः पुन्हा तपासतात. 'स्लाइड आणि ब्लॉक घेऊन या.' मला वाटलं, नाशिकच्या लॅबला जायचं आणि उचलून आणायचं.

पहिल्या दिवशी खिडकीतला माणूस म्हणाला, 'मॅडम, रिपोर्ट दिलाय ना? मग?' मी म्हटलं, ब्लॉक हवाय. सुईने काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून ठेवतात, त्याचे पातळ काप काचेवर लावले की स्लाइड होते, हे मीच त्याला समजावलं. मीही आदल्या दिवशीच शिकले होते. 'सरांचं पत्र आणा.' सर म्हणजे एंडोस्कोपीवाले डॉक्टर, ते मंगळवारी आणि शुक्रवारीच येतात. तो दिवस बुधवार.

शुक्रवारी पत्र मिळालं. आता पेशंटची सही, तीही त्यांच्याच छापील फॉर्मवर. अप्पा कल्याणला आत्याकडे. व्हॉट्सॲपवर सही मागवते म्हटलं, चालणार नाही. संध्याकाळच्या गाडीने कल्याण गाठलं. सही करताना अप्पांनी विचारलं, 'कसलं कर्ज काढतेस गं?' त्या दिवशी एवढंच हसलो.

सोमवारी फॉर्म, आधारची झेरॉक्स, पत्र, सगळं खिडकीत सरकवलं. त्याने कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि शांतपणे म्हणाला, 'ब्लॉक इथे नसतोच. तपासणी मुंबईच्या लॅबला जाते.'

मुंबईला! म्हणजे ज्या शहरातून मी आले होते तिथेच तो ठोकळा पडून होता. आम्ही तिकडूनच घेतो, दादा तिथेच आहे, पत्ता द्या, म्हटलं. 'तशी प्रोसिजर नाही.' कुरियरच्या पिशवीतून तो नाशिकला येणार, मी तो नाशिकहून मुंबईला नेणार. मी आवाज चढवला. त्याने पुढच्या माणसाचा कागद घेतला.

गुरुवारी, नवव्या दिवशी डबी आली. हजार रुपये डिपॉझिट भरलं, सही केली आणि निघाले. पायऱ्यांवर सहज नंबर बघितला तर रिपोर्टवरच्या नंबराशी जुळेना. कुणा दुसऱ्याचाच ब्लॉक माझ्या पर्समध्ये! परत गेले. आमचा त्याच पिशवीत होता. खिडकीतला माणूस म्हणाला, 'बरं झालं तुम्ही बघितलं.' त्यावर काय बोलावं ते मला आजही सुचलेलं नाही.

त्या नऊ दिवसांनी काही बिघडलं का, असं मी परळच्या डॉक्टरांना विचारलं. फारसं नाही, म्हणाले. कबूल आहे. दिवाळी ते मार्च आम्ही घरात बसून जे घालवले ते जास्त होते, पण त्यासाठी भांडायला खिडकी कुठे आहे?

तेव्हा, तुकडा काढायला नेताय त्याच दिवशी विचारून ठेवा, ब्लॉक कोणत्या गावात राहणार आणि तो मिळवायला काय लागतं. त्यांचा फॉर्म तेव्हाच घेऊन पेशंटची सही करून ठेवा. रिपोर्ट, स्लाइड आणि ब्लॉक, तिन्हींवरचा नंबर खिडकीतून हलायच्या आधी जुळवा.

सीटीची फिल्म पुरत नाही, सीडी मागून घ्या आणि तिथेच उघडून बघा. आमची पहिली सीडी कोरी निघाली होती. हो, आणि स्टेंट टाकायच्या आधी स्वादुपिंडासाठीची खास सीटी होते आहे ना, हे विचारा. स्टेंटनंतर तिथे सूज येऊ शकते आणि गाठ शिरेला किती टेकली ते वाचणं अवघड होतं. आमची आधी झाली ती दादाच्या घाईमुळे, अकलेमुळे नाही.

या कॅन्सरमध्ये सीए 19-9 नावाची रक्ततपासणी करतात, तिचा आकडा बघून लोक स्वतःच निकाल लावतात. नुसत्या काविळीनेही तो आकडा चढतो, आणि काही माणसांच्या रक्तात कॅन्सर असूनही तो चढतच नाही. अप्पांचा पहिला आकडा बघून मी रात्रभर रडले होते. पित्त मोकळं झाल्यावर पुन्हा केला तर बराच खाली. अन्न पचावं म्हणून एन्झाइमच्या कॅप्सूल देतात, त्या जेवणानंतर आठवण झाली की घ्यायच्या नसतात, पहिल्या घासाबरोबर सुरू करायच्या. आम्ही महिनाभर चुकीच्या घेतल्या.

मनोहर पर्रीकर 2019 मध्ये याच आजाराने गेले, तेव्हा त्यांच्या नाकातल्या नळीचे फोटो आम्ही सगळ्यांनी पाहिले होते. स्वादुपिंड शरीरात कुठे असतं, हे मात्र घरात कुणी विचारलं नव्हतं.

अप्पांच्या चार केमो झाल्या आहेत. वजन 58 वर थांबलंय, वरणभात खातात, सहाव्यानंतर पुन्हा सीटी. डिपॉझिटची पावती माझ्या पर्समध्ये आहे. परळहून ब्लॉक परत मिळाला की तो जमा करून हजार रुपये घ्यायला मी स्वतः जाणार आहे, बुधवारी.