भिंतीतली भेग

जुलै २०२४. गुजरातेत साबरकांठ्याकडे चांदीपुरा विषाणूने लहान मुलं दगावल्याच्या बातम्या रोज येत होत्या आणि नेमका तेव्हाच ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातल्या एका पाड्यावर चार वर्षांच्या मुलीला ताप भरला. रक्त तपासलं, मलेरिया निघाला, गोळ्यांनी पोर सावरली. पण पाड्याने धसका घेतला होता. "जंगलात धूर मारा" म्हणून लोक अडून बसले, आणि मी कीटक समाहारक, म्हणजे आजार पसरवणारे कीटक पकडून तपासणारी, असल्याने आधी पाहणीचं काम माझ्याकडे आलं.

चांदीपुरा हे आपल्या नागपूर जिल्ह्यातलं गाव. १९६५ साली तिथल्या तापाच्या रुग्णांत हा विषाणू पहिल्यांदा सापडला, म्हणून गावाचं नाव त्याला चिकटलं. तो पसरवते वालुमाशी, आमच्या बोलण्यातली सँडफ्लाय. दोन-तीन मिलिमीटरची, अंगभर लव, बसली की पंख वर उभे धरते. डासासारखी गुणगुण नाही, त्यामुळे चावून गेली तरी पत्ता लागत नाही. नीट उडताही येत नाही तिला, टुणटुण उड्या मारत जाते. अंडी पाण्यात घालत नाही. ओलसर माती, कुजका पालापाचोळा, शेणकूट, त्यात तिच्या अळ्या वाढतात. म्हणून डबकी उपसून तिचं काही बिघडत नाही, हे मला प्रत्येक पाड्यावर नव्याने सांगावं लागतं.

पावसाने उघडीप दिली त्या संध्याकाळी वनरक्षकांना सोबत घेऊन दोन लाइट ट्रॅप, म्हणजे दिव्याने कीटक ओढून जाळीत पकडणारे सापळे, टांगले. एक वस्तीपासून बरंच आत, वारुळाशेजारी. दुसरा त्या मुलीच्या घराच्या ओसरीला. वारुळाच्या भोकांपाशी एरंडेल फासलेले कागदही खोचून ठेवले. बिबट्याचा वावर असल्यामुळे अंधारात तिथे थांबायचा प्रश्नच नव्हता.

पहाटे परत गेलो. वारुळाकडच्या जाळीत सँडफ्लायची भुकटी पडावी तशी गर्दी होती, कागदांनाही चिकटलेल्या. ओसरीवरच्या जाळीत पतंग, पाकोळ्या, दोन डास. सँडफ्लाय एकही नाही. मी वहीत 'घरात आढळ नाही' असं लिहिलंसुद्धा.

मुलीची आजी चुलीपाशी बसून बघत होती. म्हणाली, "पोरी, दिव्याला कशाला येईल ती? नातीला तर भिंतीकडून चावते."

"कुठल्या भिंतीकडून, आजी?"

तिने हात धरून मला आत नेलं. कारवीचा कूड, वर शेणमातीचा लेप, भिंतीपलीकडे लागूनच गोठा. गोठ्याकडचा लेप ओलीने पोपडे धरून सुटला होता. मुलीची गोधडी तिथेच, भिंतीला टेकून. मी गुडघ्यांवर बसून टॉर्चचा उजेड भिंतीलगत तिरपा टाकला. जमिनीपासून वीतभर उंचीवर करंगळीएवढी भेग होती. भेगेच्या कडेला एक माशी बसलेली, पंख उभे, पोट टम्म आणि तांबडं. नुकतंच रक्त प्यायलेली मादी. श्वास रोखून सक्शन ट्यूबने ओढून घेतली. त्याच भेगेत आणखी दोन मिळाल्या. वहीतली ओळ मी खोडली. आजीने सांगितलं नसतं, तर तो अहवाल तसाच गेला असता, हे आजही मनाला लागून आहे.

प्रयोगशाळेत डोकी आणि पोटं वेगळी करून काचपट्टीवर घेतली. वारुळाकडच्या बहुतेक सँडफ्लाय सर्जेंटोमायिया या प्रकारच्या निघाल्या. घशात दातांची रांग स्पष्ट, पोटावरची लव आडवी पडलेली. या मुख्यतः पाली, सरडे, बेडूक यांच्या रक्तावर जगतात. त्यांना निर्धोक म्हणणार नाही, कारण त्यांच्यातही चांदीपुराचा विषाणू सापडलेला आहे. पण त्यांची वस्ती जंगलात आहे आणि तिथे त्यांना खाणारेही आहेत. भेगेतली तांबड्या पोटाची मात्र वेगळ्या जातीची, फ्लेबोटोमस अर्जेंटिपेस होती, गोठ्यांच्या आसऱ्याने राहणारी. बिहारमध्ये काला आजार नावाचा दीर्घ ताप हीच पसरवते. आपल्याकडे ती आढळली म्हणजे आजार आला असं नाही, पण मुलीच्या उशाशी तिला राहू द्यायची गरजही नाही.

आता धुराचं. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान १०४ चौरस किलोमीटरचं, येऊर त्याची ठाण्याकडची बाजू. तिथे ढोली आणि वारुळांवर विष उडवलं, तर आधी तिला खाणारे पाली-बेडूक मरतील. आणि वालुमाशी दिवसा भेगांत, बिळांत दडून बसते, धूर तिथवर पोचतच नाही. तरी लोकांना धूर हवा असतो, कारण तो दिसतो. मला त्यांचा राग येत नाही. पोर तापाने फणफणत असताना कोणालाही काहीतरी डोळ्यांना दिसायला हवं असतं.

पाड्यावर परत जाऊन सगळ्यांना भेग दाखवली. शेणकूट घरापासून लांब हलवायचं, गोधडी भिंतीपासून दूर, मुलीला बारीक जाळीची मच्छरदाणी (साध्या जाळीतून ही आत शिरते) आणि गोठ्याकडची भिंत खालपासून लिंपायची. लोक कुरकुरले. आजी काही बोलली नाही. तिने घमेलं घेतलं, माती कालवली आणि भेगेत बोटांनी दाबून भरायला लागली. मी टॉर्च धरला.

"उजेड खाली धर," ती म्हणाली. "तिथं अजून एक आहे."