थळ ते ससून डॉक, रात्रीच्या बोटीने

मुंबईच्या ससून डॉकला मासळीची विक्री उजाडायच्या आत सुरू होते. ती गाठायची तर अलिबागजवळच्या थळहून मध्यरात्रीनंतर निघावं लागतं. मामांची बोट बारा मीटरच्या आतली, तांडेल, म्हणजे बोट चालवणारे, तेच. हिवाळ्यातली अमावास्येजवळची रात्र, मतलई (जमिनीकडून येणारा) वारा अंगावर आणि पाणी सपाट. पुढच्या दोन-अडीच तासांत जे पाहिलं ते या वाटेने रात्री बोट नेणाऱ्यांसाठी सविस्तर लिहितो आहे.

निघण्याआधी मामांनी दिवे लावले आणि मला छोट्या होडीतून बोटीभोवती फेरी मारायला पाठवलं. ही फेरी प्रत्येकाने मारावी. डाव्या बाजूला तांबडा, उजव्या बाजूला हिरवा. दोन्ही दिवे नाळेच्या (बोटीच्या पुढच्या टोकाच्या) रेषेपासून आपापल्या बाजूला बरोबर ११२.५ अंशांपर्यंतच दिसायला हवेत. बारा मीटरच्या आतल्या बोटीला यांच्याशिवाय चहूबाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा चालतो. त्याहून मोठ्या बोटीला पुढे डोलकाठीचा आणि मागे पिछाडीचा असे वेगळे पांढरे दिवे लागतात. फेरीत कळलं की बर्फाच्या क्रेटची थप्पी हिरव्या दिव्याच्या आड येते. थप्पी हलवली. बोटीवर उभं राहून हे कधीच दिसलं नसतं.

आणखी एक, आणि हे मी कळकळीने सांगतो. हल्ली हौसेने बोटीला निळ्या-हिरव्या-तांबड्या एलईडीच्या माळा लावतात. धक्क्यावर सणाच्या दिवशी त्या शोभतात. चालत्या बोटीवर मात्र समोरच्या तांडेलाला कळत नाही की ही बोट आपल्याकडे येते आहे की लांब जाते आहे. स्वस्त एलईडीमुळे व्हीएचएफ रेडिओमध्ये खरखरही येते. बंदर सोडलं की माळा बंद.

उंदेरी-खांदेरी डाव्या हाताला राहतात. खांदेरीवरची दिवादांडी १८६७ची, आता कान्होजी आंग्र्यांच्या नावाची. तिचा झोत दिसत असला की आपण कुठे आहोत याची शंका उरत नाही. या पट्ट्यात खरी काळजी डोल जाळ्यांची, म्हणजे प्रवाहात बांधून ठेवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यांची. फ्लोटवर दिवा क्वचितच असतो, आणि दोर पंख्यात गेला की रात्र तिथेच संपली. जाळ्यावर उभी असलेली बोट नियमाप्रमाणे वर तांबडा, खाली पांढरा दाखवते. ट्रॉल (बोटीमागे ओढायचं जाळं) ओढणारी असेल तर वर हिरवा, खाली पांढरा. असे दिवे दिसले की लांबून वळसा घ्या. आपण फक्त मासळी पोचवायला चाललो असलो तर हे दिवे लावायचे नाहीत. लावले तर समोरचा उगाच आपल्याला वाट देत बसतो.

पुढे मुंबई बंदराचा जहाजांचा मार्ग ओलांडावा लागतो. डावीकडून आत येणारं जहाज आपल्याला हिरवी बाजू दाखवतं, उजवीकडून बाहेर जाणारं तांबडी. पन्नास मीटरच्या वरच्या जहाजाला डोलकाठीचे दोन पांढरे दिवे असतात, पुढचा खाली आणि मागचा वर. ते एकावर एक आले आणि तांबडा-हिरवा दोन्ही दिसू लागले की जहाज सरळ आपल्यावर येतंय. उभ्या ओळीत तीन तांबडे दिसले तर ते खोल बुडालेलं जहाज आहे, त्याला मार्ग सोडून वळता येत नाही.

हिरवा दिसला म्हणजे नियमाने वाट आपली, असं मी मामांना म्हटलं. ते म्हणाले, “खाडीच्या तोंडाशी वाट त्याचीच. आपण थांबायचं.” आणि तेच बरोबर आहे: अरुंद मार्गात वीस मीटरच्या आतल्या बोटीने मोठ्या जहाजाला अडवायचं नाही, असाही नियमच आहे. मग मामांनी मला एक दिवा दाखवला. “केबिनच्या खांबाशी जुळवून बघ, जागचा हलतोय का.” आपण सरळ जात असताना दिवा खांबाच्या त्याच जागी राहून मोठा होत गेला, तर टक्कर ठरलेली. आम्ही इंजिन मंद केलं आणि जहाजाला पुढे जाऊ दिलं. भोंग्याचे पाच छोटे आवाज ऐकू आले तर समजा, तुमचा बेत त्याला कळलेला नाही.

मुंबई जवळ आली की अंधार कमी होतो आणि धोका वाढतो. कुलाब्याच्या इमारतींच्या उजेडात टगचे (दुसऱ्या बोटी ओढणाऱ्या बोटींचे) दिवे विरघळून जातात. म्हणून काठावरचे दिवे जिथे मध्येच झाकले जाऊन पुन्हा उघडतात, तिथे नजर ठेवा; तिथून काहीतरी चाललेलं असतं. टगवर उभे दोन किंवा तीन पांढरे दिवे दिसले तर मागे बार्ज (ओढून न्यायची मालाची बोट) आहे, मधला दोर दिसत नाही. त्या दोघांच्या मधून कधीही जाऊ नका. बोयाचा (मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेचा) दिवा लुकलुकतो, जहाजाचा स्थिर असतो. बंदरात शिरताना तांबडा बोया डाव्या हाताला, हिरवा उजव्या. कुलाब्याच्या टोकाजवळची प्रॉन्ग्सची दिवादांडीही डावीकडेच, पण भरपूर अंतरावर. तिथे खडक आहे.

डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाईलचा पडदा ते क्षणात घालवतो. नाळेवरच्या माणसाकडे मोबाईल नकोच, नकाशा बघायला तांबडी बॅटरी द्या. सर्चलाइट दुसऱ्याच्या केबिनवर मारू नका. लाइफ जॅकेट बॅगेत न ठेवता अंगात घाला. व्हीएचएफ १६ नंबरवर उघडा असू द्या. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे नंबर खलाशांनाही पाठ हवेत. जादा फ्यूज घ्या, आणि दिवे गेलेच तर दाखवायला एक जोरदार पांढरी बॅटरी.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी अमावास्या टाळावी. पौर्णिमेला उजेड असतो, पण उधाणाची ओढ बोट बाजूला नेते. वद्य अष्टमीच्या आसपास चंद्र मध्यरात्री उगवतो आणि भरती भांगाची असते. म्हणजे निघताना उजेड वर येतो आणि पाण्याची ओढही कमी.