रिकामी गोदी

त्याच्या मधोमध एक खाच आहे आणि खाचेत तीस पिनांची चपटी जीभ. दोन बाजूंना जाळीआड तळहाताएवढेही नसलेले स्पीकर, मागे सहा पेन्सिल सेलचा कप्पा. नाव ‘पोर्टेबल स्पीकर डॉक’. डॉक म्हणजे गोदी. आयपॉड, म्हणजे ॲपलचा खिशात मावणारा गाण्यांचा प्लेअर, हे जहाज येऊन लागायची जागा. पोर्टेबल मात्र नावापुरताच. सेलवर गाणी वाजायची, पण प्लेअर चार्ज व्हायचा नाही. त्यामुळे बहुतेक आयुष्य त्यानं प्लगच्या आसऱ्यानं, एका कोपऱ्यात बसून काढलं.

प्लेअर बसवणं हे एक कामच होतं. आयपॉड कुणाचा जाडा, कुणाचा सडपातळ, म्हणून डॉकसोबत प्लास्टिकच्या चौकटी यायच्या. ज्याला जी बेताची बसेल ती. माझी पहिल्याच आठवड्यात हरवली. मग प्लेअर डुगडुगू नये म्हणून मागे एका पावतीची घडी खोचली. ती अजून तिथंच आहे, शाई तेवढी उडाली. पण अंगठ्यानं अलगद दाबलं की जो ‘टक्’ व्हायचा, त्याला तोड नव्हती.

एकदा आवाज पुरेना म्हणून प्लेअरवरचा आवाज वाढवत नेला. ढिम्म फरक नाही! या जिभेतून गाणं हेडफोनच्या वाटेनं जातच नाही; ते ठरावीक पातळीवर बाहेर पडतं आणि लहानमोठं करणं डॉकच्या हाती असतं, हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी बिचाऱ्या प्लेअरलाच दोष देत होतो.

डॉकला भविष्यही दिसायचं. मोबाइल शेजारी असला की फोन वाजायच्या क्षणभर आधी स्पीकर ‘टर्र टर्र टर्र’ करायचा. जीएसएम नावाच्या जुन्या मोबाइल पद्धतीचा फोन सेकंदाला सुमारे 217 वेळा तुटक लहरी सोडतो आणि स्पीकरच्या तारा त्या पकडतात, एवढंच ते. पण घरात सगळ्यांच्या माना घंटीआधीच फोनकडे वळायच्या.

ती तीस पिनांची जोडणी 2003 मध्ये आयपॉडच्या तिसऱ्या पिढीबरोबर आली. 2012 मध्ये आयफोन 5 आठ पिनांची नवी घेऊन आला आणि जगभरच्या अशा गोद्या एकदम जुन्या झाल्या. 2022 च्या मे महिन्यात आयपॉडच बंद झाला. माझा त्याआधीच गेला होता.

मला राहून राहून आठवतं ते आवाजाचं नाही. खरं सांगायचं तर खर्ज त्यात बेताचाच होता. आठवतं ते एकदा बसवलेला प्लेअर बसलेलाच राहायचा, हे. उचलला की गाणं बंद, म्हणून कुणी उचलत नसे. नको असलेलं गाणंही संपेपर्यंत ऐकलं जायचं, कारण रिमोट सोफ्याखाली आणि उठायचा कंटाळा.

परवा मागच्या भोकात तार घालून डॉक माझ्या फोनला जोडला. खाच रिकामी, फोन शेजारी आडवा. छान चाललं होतं. तेवढ्यात फोन वाजला. मी सवयीनं तो कानाला लावून खिडकीकडे निघालो, आणि मागून डॉक घसरत टेबलाच्या काठापर्यंत आला.